सिलिकॉन फोटॉनिक्स

सिलिकॉन फोटॉनिक्स ही प्रकाशविज्ञान आणि अर्धसंवाहक तंत्रविद्या यांच्या मिलाफातून विकसित झालेली शाखा आहे. संगणकाच्या चिप ज्या सिलिकॉनच्या चकत्यांवर तयार होतात, त्याच चकत्यांवर प्रकाश निर्माण करणारे, त्याला मार्ग देणारे, त्याच्यावर संदेश चढवणारे आणि अखेरीस तो संदेश पुन्हा विद्युत् स्वरूपात आणणारे घटक एकत्र बसवणे, हे या शाखेचे उद्दिष्ट आहे. अशा एकत्रित रचनेस एकात्मिक प्रकाशीय परिपथ असे म्हणतात. विद्युत् परिपथात जे काम तांब्याची तार करते, ते प्रकाशीय परिपथात तरंगमार्गदर्शक करतो. प्रकाशाचा उगम म्हणून लेसर, आणि जागा अपुरी असेल तेथे सूक्ष्मलेसर वापरला जातो.

या शाखेच्या मुळाशी एक विसंगती आहे. सिलिकॉन हा पदार्थ प्रकाश वाहून नेण्यास अतिशय सोयीचा आहे, परंतु प्रकाश निर्माण करण्याच्या बाबतीत तो जवळजवळ असमर्थ आहे. म्हणून सिलिकॉन फोटॉनिक्सचा इतिहास हा बऱ्याच अंशी, सिलिकॉनवर दुसऱ्या पदार्थाचा लेसर कसा बसवावा, या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी

दूर अंतरावरचे संदेशवहन आज मुख्यत्वे प्रकाशाच्या साहाय्याने होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंमधून अवरक्त प्रकाशाचे स्पंद पाठवले जातात आणि १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश अशा तंतूतून एक किलोमीटर गेला, तरी त्याची केवळ ४ ते ५ टक्के शक्ती कमी होते. मात्र तंतूच्या दोन्ही टोकांशी प्रकाशाचे रूपांतर विद्युत् संकेतात करावे लागते आणि तेथून पुढचा प्रवास तांब्याच्या वाहकांतून होतो.

तांब्याच्या वाहकाला एक नैसर्गिक मर्यादा आहे. संकेताची वारंवारता वाढत जाते तसतसा विद्युत् प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातूनच वाहू लागतो. यास त्वचा परिणाम म्हणतात. त्यामुळे तारेचा रोध वाढतो, ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि संकेत थोड्याच अंतरात क्षीण होतो. हजारो संगणक एकमेकांशी सतत माहितीची देवाणघेवाण करतात अशा विदा केंद्रांत ही अडचण तीव्रतेने जाणवते. तेथे गणनेला लागणाऱ्या विजेबरोबरच माहिती इकडून तिकडे नेण्यास आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता काढून टाकण्यासही मोठ्या प्रमाणात वीज लागते.

प्रकाशाला ही अडचण नाही. शिवाय निरनिराळ्या तरंगलांबीचे अनेक किरण एकाच मार्गाने, एकमेकांत न मिसळता, एकाच वेळी जाऊ शकतात. म्हणून प्रकाशाचा मार्ग तंतूच्या टोकाशी न संपवता थेट चिपच्या अंतर्भागापर्यंत आणावा, ही कल्पना पुढे आली. त्यासाठी प्रकाशीय घटक इलेक्ट्रॉनिकीतील घटकांइतकेच लहान, स्वस्त आणि एकाच वेळी हजारोंच्या संख्येने तयार करता येतील असे असणे आवश्यक होते. सिलिकॉनवर असे उत्पादन करणारे कारखाने आधीपासूनच उपलब्ध असल्यामुळे निवड साहजिकच सिलिकॉनची झाली.

तरंगमार्गदर्शक

तरंगमार्गदर्शकाचे कार्य पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या तत्त्वावर चालते. प्रकाश अधिक अपवर्तनांकाच्या माध्यमातून कमी अपवर्तनांकाच्या माध्यमाकडे जात असताना आपतन कोन एका ठराविक मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर प्रकाश बाहेर न पडता पूर्णपणे आतच परावर्तित होतो. या मर्यादेस क्रांतिक कोन म्हणतात. अपवर्तनांकालाच विश्वकोशीय परिभाषेत प्रणमनांक असाही शब्द आहे.

१.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीसाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ आणि सिलिका म्हणजेच सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे १.४४ आहे. यांचे गुणोत्तर ०.४१ येते आणि त्यावरून क्रांतिक कोन सुमारे २४ अंश निघतो. काच आणि हवा यांच्यासाठी हाच कोन सुमारे ४२ अंश असतो. सिलिकॉनच्या बाबतीत तो इतका लहान असल्यामुळे प्रकाश घट्ट कोंडला जातो. परिणामी मार्गदर्शक अत्यंत अरुंद करता येतो आणि तो तीव्रपणे वळवताही येतो.

प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या चकतीचे तीन थर असतात. तळाशी सिलिकॉनचा जाड आधार, त्यावर साधारणपणे २ मायक्रोमीटर जाडीचा सिलिकाचा थर आणि सर्वांत वर स्फटिकी सिलिकॉनचा पातळ थर. या वरच्या थराची जाडी बहुधा २२० नॅनोमीटर ठेवली जाते. प्रकाशाच्या साहाय्याने नकाशा उमटवून आणि नको असलेला भाग कोरून काढून सुमारे ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्या तयार केल्या जातात. हेच तरंगमार्गदर्शक होत. त्यांची रुंदी मानवी केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते. अशा पट्टीला अवघ्या ५ मायक्रोमीटर त्रिज्येचे वळण दिले, तरी प्रकाश फारसा बाहेर सांडत नाही. काचेचा साधा तंतू इतका वाकवणे अशक्यप्राय असते.

इतक्या लहान मार्गात प्रकाशाचे वर्तन केवळ किरणांच्या भाषेत सांगता येत नाही. प्रकाशाच्या तरंगाचा काही अंश पट्टीच्या कडेबाहेर, सिलिकामध्येही पसरलेला असतो आणि कडेपासून दूर जाताना तो झपाट्याने विरत जातो. या अंशास क्षयी क्षेत्र म्हणता येईल. दोन मार्गदर्शक एकमेकांच्या अगदी जवळून नेले, तर या क्षयी क्षेत्रामुळे प्रकाश एका मार्गातून दुसऱ्यात झिरपतो. लेसरमधील प्रकाश मार्गदर्शकात उतरवण्यासाठी पुढे याच गुणधर्माचा उपयोग झाला.

मार्गदर्शकाची गुणवत्ता प्रकाशक्षयावरून ठरते. कोरताना पट्टीच्या बाजू काही नॅनोमीटर जरी खडबडीत राहिल्या, तरी तेथून प्रकाश विखुरतो. क्षयाचे प्रमाण सेंटीमीटरला २ डेसिबेल असेल, तर एक सेंटीमीटरनंतर सुमारे ६३ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. तंतूच्या तुलनेत हा क्षय प्रचंड वाटतो. परंतु चिपवरील अंतरे मिलिमीटरांत मोजली जात असल्यामुळे तो चालू शकतो.

सिलिकॉन प्रकाश का देत नाही

अर्धसंवाहकातून प्रकाश बाहेर पडतो तो इलेक्ट्रॉन आणि छिद्र यांच्या पुनर्मीलनातून. उच्च ऊर्जापट्ट्यातील इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातील रिकाम्या जागेत, म्हणजे छिद्रात, उतरतो आणि दोन पट्ट्यांमधील अंतराएवढी ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने मुक्त होते. या घटनेत ऊर्जेबरोबरच संवेगाचीही अक्षय्यता पाळली जावी लागते.

गॅलियम आर्सेनाइडमध्ये वरच्या पट्ट्याचा तळ आणि खालच्या पट्ट्याचा माथा एकाच संवेगाशी येतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरून प्रकाशकण देऊ शकतो. अशा पदार्थांना प्रत्यक्ष पट्टांतराचे पदार्थ म्हणतात. सिलिकॉनमध्ये हे दोन बिंदू भिन्न संवेगांशी असतात. प्रकाशकणाचा स्वतःचा संवेग इतका अल्प असतो की तो ही तफावत भरून काढू शकत नाही. त्यासाठी स्फटिकाच्या कंपनाची, म्हणजे फोनॉनची, मदत त्याच क्षणी मिळावी लागते. असा योग क्वचितच येतो. तोवर इलेक्ट्रॉन स्फटिकातील एखाद्या दोषस्थळी सापडतो आणि त्याची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते. म्हणून सिलिकॉनला अप्रत्यक्ष पट्टांतराचा पदार्थ म्हणतात.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथील उपसा सिंचन प्रकल्पात गोदावरीचे पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडले जाते. कालवा कितीही उत्तम बांधला, तरी तो नदीतील पाणी स्वतः वर उचलत नाही. ते काम पंपगृहाचे. सिलिकॉनची स्थिती अशाच कालव्यासारखी आहे. वाहून नेण्यास तो उत्कृष्ट आहे, परंतु त्याच्या तोंडाशी प्रकाश आणून सोडणारी यंत्रणा निराळ्या पदार्थाची लागते.

पट्टांतराचा आणखी एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. सिलिकॉनचे पट्टांतर सुमारे १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे १.१ मायक्रोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीचा प्रकाश तो शोषत नाही. संदेशवहनाच्या १.३१ आणि १.५५ मायक्रोमीटर तरंगलांब्यांना तो पारदर्शक असतो. याच कारणाने तो उत्तम मार्गदर्शक ठरतो आणि याच कारणाने या प्रकाशाचा शोधक म्हणून निरुपयोगी ठरतो. कारण जो पदार्थ प्रकाश शोषतच नाही, तो त्याची नोंदही घेऊ शकत नाही. म्हणून शोधकासाठी सिलिकॉनवर जर्मेनियमचा थर वाढवला जातो.

सूक्ष्मलेसर

कोणत्याही लेसरला तीन गोष्टी लागतात. प्रकाशाचे वर्धन करणारे माध्यम, त्या माध्यमाला ऊर्जा पुरवणारा स्रोत आणि प्रकाशाला वारंवार माध्यमातून फिरवणारा अनुनादक. अर्धसंवाहक लेसरमध्ये ऊर्जा विद्युत् प्रवाहाने पुरवली जाते. प्रवाह एका किमान मूल्यापेक्षा कमी असेल, तर वर्धनापेक्षा क्षय अधिक राहतो आणि लेसरक्रिया सुरू होत नाही. या किमान मूल्यास उंबरठा प्रवाह म्हणतात.

नेहमीच्या अर्धसंवाहक लेसरची लांबी शेकडो मायक्रोमीटर असते आणि स्फटिक तोडून मिळालेली त्याची दोन गुळगुळीत टोके आरशाचे काम करतात. चिपच्या मध्यभागी असे तोडणे शक्य नसते. शिवाय एका चिपवर अनेक लेसर बसवायचे, तर प्रत्येकाने अल्प प्रवाहावर चालणे गरजेचे असते. या दोन गरजांतून सूक्ष्मलेसर पुढे आले. त्यांचा आकार काही मायक्रोमीटर एवढाच असतो. माध्यमाचे आकारमान लहान असल्याने उंबरठा प्रवाहही कमी लागतो.

सूक्ष्मलेसरांचा एक महत्त्वाचा प्रकार म्हणजे सूक्ष्मचकती लेसर. विजापूरच्या गोल घुमटातील सज्जात भिंतीशी तोंड नेऊन केलेली कुजबुज वर्तुळाकार भिंतीच्या कडेकडेने प्रवास करून समोरच्या बाजूस ऐकू येते. सूक्ष्मचकतीत ध्वनीऐवजी प्रकाश असतो. चकतीच्या गोल कडेवर पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत तो आतून फिरत राहतो आणि निराळ्या आरशांची गरज उरत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९९२ मध्ये असा लेसर प्रथम सिद्ध करण्यात आला.

वर्तुळाकार अनुनादकात टिकून राहण्यासाठी प्रकाशाच्या तरंगाने एका फेरीनंतर स्वतःशी जुळले पाहिजे, म्हणजे एका फेरीत तरंगांची संख्या पूर्णांक असली पाहिजे. उदाहरणादाखल ५ मायक्रोमीटर त्रिज्येचे कडे घेतले, तर त्याचा परीघ सुमारे ३१.४ मायक्रोमीटर होतो. मार्गातील परिणामी अपवर्तनांक २.४ मानल्यास ४८ तरंगांसाठी तरंगलांबी सुमारे १.५७ मायक्रोमीटर आणि ४९ तरंगांसाठी सुमारे १.५४ मायक्रोमीटर येते. यांच्या मधल्या तरंगलांब्या त्या कड्यात टिकत नाहीत. कडे जितके लहान, तितक्या या अनुज्ञात तरंगलांब्या एकमेकींपासून दूर असतात आणि त्यांतील एकच निवडणे तितके सोपे जाते.

लहान आकाराचे तोटेही आहेत. सूक्ष्मलेसरमधून मिळणारी प्रकाशशक्ती अल्प असते, त्यातील उष्णता बाहेर काढणे अवघड जाते आणि चकतीच्या कडेवरील किरकोळ खडबडीतपणाही त्याचे कार्य बिघडवू शकतो.

लेसर सिलिकॉनवर आणण्याच्या पद्धती

लेसरसाठी प्रामुख्याने आवर्त सारणीच्या तिसऱ्या व पाचव्या गटांतील मूलद्रव्यांची संयुगे वापरली जातात. गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम फॉस्फाइड ही त्यांतील प्रमुख होत. ती सिलिकॉनवर आणण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

तयार लेसर बसवणे. स्वतंत्रपणे बनवून तपासलेला लेसर सिलिकॉनच्या चिपवर डाग देऊन बसवला जातो. पद्धत खात्रीची आहे, परंतु लेसरचे तोंड आणि मार्गदर्शकाचे तोंड एक मायक्रोमीटरहून कमी चुकीने जुळवावे लागते. प्रत्येक लेसरसाठी ही जुळणी करावी लागत असल्याने खर्च वाढतो.

चकती जोडणे. इंडियम फॉस्फाइडचा पातळ थर सिलिकॉनच्या चकतीवर घट्ट चिकटवला जातो आणि लेसरचा आकार त्यानंतर कोरला जातो. जागा नकाशावरूनच ठरत असल्याने प्रत्येक लेसर वेगळा जुळवावा लागत नाही. २००६ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि इंटेल कंपनी यांनी या पद्धतीचा, विजेवर चालणारा संमिश्र लेसर जाहीर केला. २००७ मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठ व आयमेक संस्था यांच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह, केवळ ७.५ मायक्रोमीटर व्यासाचा सूक्ष्मचकती लेसर सिलिकॉनच्या मार्गदर्शकावर बसवून दाखवला. त्याचा उंबरठा प्रवाह अर्धा मिलिअँपिअर होता. चकतीत फिरणारा प्रकाश क्षयी क्षेत्राच्या वाटेने खालच्या मार्गदर्शकात उतरत असे.

थेट स्फटिकवाढ. लेसरचा पदार्थ सिलिकॉनवरच थरावर थर वाढवणे हा तत्त्वतः सर्वांत सुटसुटीत मार्ग होय. परंतु तो सर्वांत कठीणही आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकातील अणूंमधील अंतरे सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी अधिक असतात. इंडियम फॉस्फाइडच्या बाबतीत हा फरक सुमारे ८ टक्के आहे. वेगवेगळ्या मापाच्या विटांचे थर एकमेकांवर रचले, तर सांधे जुळत नाहीत. त्याप्रमाणे अणूंच्या रांगा तुटतात आणि स्थानभ्रंश नावाचे दोष निर्माण होतात. शिवाय तापवल्यावर गॅलियम आर्सेनाइड सिलिकॉनच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. त्यामुळे वाढ पूर्ण झाल्यावर थंड होताना थरांना तडे जाण्याची भीती असते. दोषस्थळी इलेक्ट्रॉनांची ऊर्जा उष्णतेत जाते, दोष वाढत जातात आणि लेसर अल्पावधीत निकामी होतो.

यावर पुंज बिंदूंनी मार्ग काढला. पुंज बिंदू म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे अर्धसंवाहक कण. इलेक्ट्रॉन त्या त्या बिंदूतच अडकून राहत असल्यामुळे तो भटकत दोषस्थळापर्यंत सहसा पोहोचत नाही. एखादा स्थानभ्रंश आड आला, तर त्या जागेचे थोडे बिंदू निकामी होतात. उरलेले प्रकाश देत राहतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पल्लब भट्टाचार्य यांच्या गटाने २००५ मध्ये सिलिकॉनवर वाढवलेला, सामान्य तापमानाला चालणारा पुंज बिंदू लेसर प्रसिद्ध केला. पुंज बिंदूंचे काही थर दोष अडवणारी गाळणी म्हणूनही वापरता येतात, हे याच गटाने दाखवले. पुढे त्यांनी लेसर आणि मार्गदर्शक यांच्यामध्ये अरुंद खाच कोरून दोन्ही एकाच चकतीवर जोडले. ती खाच आरशाचे काम करते आणि काही प्रकाश पलीकडच्या मार्गदर्शकात जाऊ देते. २०१६ मध्ये ब्रिटनमधील युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि सहकारी विद्यापीठांनी थेट सिलिकॉनवर वाढवलेल्या व अखंड चालणाऱ्या लेसरचे वृत्त प्रसिद्ध केले. त्याचे आयुष्य चाचण्यांवरून एक लाख तासांहून अधिक असेल, असा अंदाज काढण्यात आला.

चौथ्या गटातील पदार्थ. जर्मेनियम सिलिकॉनच्याच गटातील असल्याने कारखान्यांना तो परिचित आहे. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सिलिकॉनवरील जर्मेनियम लेसर, तर २०१५ मध्ये जर्मनीतील युलिश संशोधन केंद्राच्या पुढाकाराने जर्मेनियम व कथिल यांच्या मिश्रणाचा लेसर दाखवण्यात आला. दुसरा लेसर अतिशीत तापमानालाच चालत होता. व्यवहारात हे लेसर अद्याप तिसऱ्या व पाचव्या गटांतील संयुगांची जागा घेऊ शकलेले नाहीत.

परिपथाचे अन्य घटक

लेसरचा प्रकाश एकसारखा असतो; त्याच्यावर संदेश चढवण्यासाठी विरूपक लागतो. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन व छिद्रे यांची संख्या बदलली की त्याचा अपवर्तनांक किंचित बदलतो. या परिणामाचे सविस्तर गणित रिचर्ड सोरेफ व ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये मांडले. त्याच्या आधारे प्रकाशाची दोन शाखांत विभागणी करून पुन्हा एकत्र आणताना त्या परस्परांना पूरक ठरतील किंवा मारक, हे विद्युत् दाबाने ठरवता येते. वर्तुळाकार कड्याची अनुज्ञात तरंगलांबी सरकवूनही हेच साधता येते. अशी कडी निवडक तरंगलांबीचा प्रकाश मुख्य मार्गातून बाजूला काढण्यासही उपयोगी पडतात.

चिपवरील मार्गदर्शक आणि बाहेरचा तंतू यांची जोडणी हा स्वतंत्र विषय आहे. तंतूतील प्रकाशाचा व्यास सुमारे १० मायक्रोमीटर आणि मार्गदर्शकाची रुंदी अर्धा मायक्रोमीटर, ही तफावत मिटवण्यासाठी निमुळते होत जाणारे मार्ग किंवा प्रकाशाला वर वळवणाऱ्या सूक्ष्म जाळ्या कोरल्या जातात.

इतिहास

पहिला अर्धसंवाहक लेसर १९६२ मध्ये अमेरिकेत गॅलियम आर्सेनाइडपासून बनवण्यात आला. आरंभीचे असे लेसर अतिशीत अवस्थेतच चालत. भिन्न संयुगांचे थर एकावर एक रचून इलेक्ट्रॉन व प्रकाश दोन्ही मधल्या थरात कोंडण्याच्या युक्तीमुळे १९७० मध्ये सामान्य तापमानाला अखंड चालणारा लेसर शक्य झाला. या रचनेच्या पायाभूत कार्यासाठी झोरेस अल्फेरॉव्ह आणि हर्बर्ट क्रोमर यांना २००० सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रकाशीय घटक एकाच पृष्ठभागावर एकत्र आणण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट मिलर यांनी १९६९ मध्ये मांडली होती. सिलिकॉनचे तरंगमार्गदर्शक १९८० च्या दशकाच्या मध्यात सोरेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले.

२००४ मध्ये इंटेलच्या संशोधकांनी १ गिगाहर्ट्झपेक्षा अधिक वेगाचा सिलिकॉन विरूपक प्रसिद्ध केला. त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिलिकॉनमध्ये लेसरक्रिया घडवून आणण्यात आली. त्यासाठी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या रामन परिणामाचा आधार घेतला होता. मात्र असा लेसर चालवण्यास दुसऱ्या लेसरचा प्रकाश लागत असल्याने मूळ प्रश्न सुटला नाही. २०१५ मध्ये अमेरिकी विद्यापीठांच्या एका गटाने ७ कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर आणि सुमारे ८५० प्रकाशीय घटक एकाच चिपवर असलेला, प्रकाशाद्वारे संवाद साधणारा सूक्ष्मप्रक्रियक तयार केला. त्याचाही लेसर चिपच्या बाहेर होता.

भारत आणि महाराष्ट्र

भारतातील अर्धसंवाहक लेसरची सुरुवात मुंबईत झाली. आज भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रॉम्बे येथील संस्थेत १९६० च्या दशकात गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार करण्यात आला. अमेरिकेतील पहिल्या प्रयोगानंतर थोड्याच वर्षांत हे घडले. त्या लेसरच्या साहाय्याने ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या दरम्यान मोकळ्या हवेतून प्रकाशाद्वारे संदेशवहन करण्यात आले. पुढे लेसर संशोधनासाठी इंदूर येथे केंद्र उभारण्यात आले. दिलीप भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक होत. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे आजचे नाव असून तेथे अर्धसंवाहक लेसरांवर संशोधन होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तिसऱ्या व पाचव्या गटांतील संयुगांचे थर वायुरूप रसायनांपासून वाढवण्याची सोय आहे. चेन्नई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रोग्रॅम करता येणाऱ्या प्रकाशीय परिपथांसाठी केंद्र शासनाच्या साहाय्याने सिलिकॉन फोटॉनिक्सचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले आहे.

प्रकाशीय संदेशवहनाच्या साखळीतील एक दुवा मराठवाड्यात आहे. छत्रपती संभाजीनगर येथील वाळूज व शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट कंपनीचे प्रकाशीय तंतू व त्यासाठी लागणाऱ्या काचेचे कारखाने आहेत. साखळीची मागणीची बाजू मुंबईत दिसते. समुद्राखालून येणाऱ्या अनेक प्रकाशीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात आणि मुंबई व नवी मुंबई परिसरात विदा केंद्रांची मोठी संख्या आहे. तंतू येथे बनतो आणि येथेच वापरला जातो. मात्र त्याच्या दोन्ही टोकांना बसणारे लेसर व प्रकाशीय चिप बहुतांशी परदेशांतून येतात. देशातील संशोधनाचे महत्त्व या पोकळीमुळे वाढते.

लहान शहरांतील विद्यार्थ्यांनाही या शाखेत प्रवेश करण्याचे काही मार्ग आहेत. मार्गदर्शकाची रचना प्रथम संगणकावर तपासली जाते आणि त्यासाठी मीप यांसारखी मुक्त संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. अनेक संस्थांच्या रचना एकाच चकतीवर छापून खर्च वाटून घेण्याची पद्धतही रूढ झाली आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा केंद्र शासनाच्या एका योजनेखाली देशातील अन्य संस्थांच्या संशोधकांना खुल्या करण्यात आल्या. विष्णुपुरी येथे १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. कोट्यवधी रुपयांची स्वच्छ कक्षा जवळ नसलेल्या अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांना रचना व गणन यांच्या बाजूने या विषयात काम करता येणे शक्य असते.

उपयोग

विदा केंद्रांतील यंत्रे परस्परांशी जोडणारी प्रकाशीय प्रेषक-ग्राहक उपकरणे हा या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग आहे. इंटेलने अशी सेकंदाला १०० गिगाबिट क्षमतेची उपकरणे २०१६ पासून बाजारात आणली. याखेरीज वायू वा जैविक रेणू ओळखणारे संवेदक, वाहनांसाठी प्रकाशाच्या परावर्तनावरून अंतर मोजणारी उपकरणे आणि पुंज संगणन या क्षेत्रांत सिलिकॉन फोटॉनिक्सचा वापर होत आहे किंवा त्यावर संशोधन चालू आहे. संवेदकात मार्गदर्शकाचे क्षयी क्षेत्र भोवतालच्या रेणूंना स्पर्श करते आणि त्यांच्या उपस्थितीने कड्याची अनुज्ञात तरंगलांबी सरकते. त्या सरकण्यावरून रेणूंचे अस्तित्व कळते.

मर्यादा

सिलिकॉनचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो. त्यामुळे चिप तापली की कड्यांच्या अनुज्ञात तरंगलांब्या सरकतात आणि त्या जागेवर ठेवण्यासाठी सूक्ष्म तापक जोडून सतत नियंत्रण करावे लागते. लेसरची कार्यक्षमताही उष्णतेने घटते आणि संगणकाच्या चिपशेजारी उष्णता टाळता येत नाही. या कारणाने अनेक रचनाकार लेसर जाणीवपूर्वक चिपबाहेर, थंड जागी ठेवणे पसंत करतात. तसे केल्यास नादुरुस्त लेसर बदलणेही सोपे जाते. परंतु प्रत्येक जोडणीत काही प्रकाश वाया जातो.

प्रकाशीय घटक ट्रान्झिस्टरइतके लहान होऊ शकत नाहीत, हीदेखील मूलभूत मर्यादा आहे. मार्गदर्शकाची रुंदी सिलिकॉनमधील तरंगलांबीच्या मापापेक्षा फारशी कमी करता येत नाही. म्हणून गणनेचे काम इलेक्ट्रॉनकडे आणि वहनाचे काम प्रकाशाकडे, अशीच विभागणी सध्या व्यवहार्य मानली जाते. लेसर चिपवरच असावा की बाहेर, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. अंतर, उष्णता, खर्च आणि दुरुस्तीची सोय यांवरून ते दर उपयोगागणिक ठरते.

हे सुद्धा पाहा

लेसर
प्रकाशीय तंतू
अर्धसंवाहक
पूर्ण आंतरिक परावर्तन
रामन परिणाम